झोपेला स्थगिती

रात्री दोन ते सकाळी सहा या वेळेत मानवी शरीर सर्वाधिक मंदावते, असे निद्राविज्ञान सांगते. या काळात शरीराचे तापमान उतरते, निर्णय रेंगाळतात आणि घरोघरी जिला साखरझोप म्हणतात ती माणसाला, तो अंथरुणात असो वा कॉकपिटमध्ये, सारख्याच ओढीने खेचू लागते. ही ओढ निसर्गाधीन नसून परिपत्रकाधीन आहे, हा शोध लावण्याचा मान मात्र डिसेंबर २०२५ मध्ये भारताच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे, म्हणजे डीजीसीएकडे, जातो.

वैमानिकाचा दिवस कर्तव्यकालात मोजला जातो. हजेरी लावल्यापासून शेवटच्या उड्डाणानंतर इंजिन थांबेपर्यंतचा हा अवधी असून लँडिंगची संख्या वाढेल तसा तो कमी करावा लागतो, कारण एका दिवसात चार शहरे गाठणाऱ्या माणसाला चारदा उतरण्याचा ताण सोसावा लागतो. डीजीसीएने जानेवारी २०२४ मध्ये यासंबंधीचे नियम कडक केले. साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर गेली, रात्र पहाटे पाचऐवजी सहाला संपू लागली आणि रात्रीच्या ड्यूटीत सहाऐवजी दोनच लँडिंग करता येतील असे ठरले. कंपन्यांना हे औषध कडू लागले, मुदती टळल्या, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि अखेर १ जुलै व १ नोव्हेंबर २०२५ अशा दोन टप्प्यांत नियम लागू झाले. देशातल्या सर्वांत मोठ्या विमान कंपनीला, इंडिगोला, वैमानिकांची जुळवाजुळव करण्यासाठी जवळजवळ दोन वर्षे मिळाली होती, आणि नोव्हेंबर दरवर्षी ऑक्टोबरनंतर येतो ही बाबही गोपनीय नव्हती.

तरीही डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात वैमानिक अपुरे पडले, ५ डिसेंबरला एकाच दिवशी या कंपनीची हजाराहून अधिक उड्डाणे रद्द झाली, आणि त्याच दिवशी डीजीसीएने तिला रात्रीच्या नियमांतून १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सूट दिली. परिणामी, पाच ते सहा या तासात एकाच धावपट्टीवर एका कंपनीच्या वैमानिकाची पहाट झालेली असे आणि मागे रांगेत उभ्या असलेल्या दुसऱ्या कंपनीच्या वैमानिकाची रात्र चालू असे. सूर्य नेमका कोणत्या कंपनीच्या वेळापत्रकाने उगवतो, याचा खुलासा आदेशात नव्हता.

दुबईहून निघालेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान २२ मे २०१० रोजी सकाळी सहाच्या सुमारास मंगळूरच्या पठारी धावपट्टीवरून पुढे दरीत कोसळले आणि १५८ जणांचा मृत्यू झाला, तेव्हा कॉकपिटच्या ध्वनिमुद्रणात मुख्य वैमानिकाच्या घोरण्याचा आवाज सापडला होता. प्रवासातला बराच काळ झोपेत गेल्यावर जाग येताच मेंदूवर जी गुंगी राहते, तिचा या अपघाताच्या चौकशीत विचार झाला. त्या मेंदूला सूट देण्याची सोय त्या वेळी नव्हती, एवढाच काय तो फरक.

दारूच्या बाबतीत हीच यंत्रणा विलक्षण काटेकोर आहे. उड्डाणाआधी वैमानिकाला नळीत फुंकर मारावी लागते आणि अंशभर मद्य आढळले तरी त्याला विमानात चढता येत नाही. सलग १७ तास जागे राहिलेल्या माणसाची कार्यक्षमता रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी घसरते, असे १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी दाखवून दिले होते. परंतु जागरणाला वास नसल्यामुळे ते नळीत उतरत नाही, आणि जे नळीत उतरत नाही ते कार्यालयीन दृष्ट्या अस्तित्वात नसते.

सूट दिली त्या ५ डिसेंबरलाच सर्व कंपन्यांसाठी आणखी एक तरतूद मागे घेण्यात आली: घेतलेली रजा साप्ताहिक विश्रांतीत धरता येणार नाही, असे तीत म्हटले होते. तेव्हा रुग्णालयात आजारी आईच्या उशाशी दोन रात्री जागून काढण्यासाठी ज्याने रजा टाकली, तो वैमानिक आता कागदोपत्री भरपूर विश्रांती घेऊन ताजातवाना होऊन परतलेला असू शकतो.