बिलायती इंजिन, वऱ्हाडी मिस्तरी

दुसरं महायुद्ध १९४५ साली संपलं, असं इतिहासाच्या पुस्तकात छापलेलं होतं आणि परीक्षेत आम्ही तसं लिहीतही असू. नेरच्या बसस्टँडसमोरच्या चहाच्या टपरीवर मात्र ते पुढे निदान तीस वर्षं तरी चालू होतं. एका बाकावर टाटावाले बसत, दुसऱ्यावर लेलँडवाले. टाटांनी १९५४ साली मर्सिडीज-बेंझशी करार करून ट्रक काढले, म्हणजे त्या बाकाचं इंजिन मुळात जर्मन. लेलँडचं इंजिन लँकेशायरमधल्या लेलँड नावाच्याच गावचं, म्हणजे हा बाक इंग्रजांचा. यातलं काहीही दोन्ही बाकांना ठाऊक नव्हतं. तरीही ते इतक्या त्वेषाने भांडत की चहा आणणारं पोरगं दोन्ही बाकांच्या मधून न जाता टपरीला वळसा घालून जाई.

आमचे मामा लेलँडच्या बाकावर. पेशाने ड्रायव्हर, त्यामुळे त्यांच्या मताला वजन होतं. ते फक्त एवढंच म्हणत, “टाटा पयते, लेलँड ओढते. तुले पयाचं हाय का माल न्यायचा हाय?” यावर उत्तर नसे. कापसाची बोंदरी भरून अमरावतीच्या रस्त्याला लागलेल्या माणसाला पळण्याची घाई नसतेच.

मद्रासजवळ एन्नोरला अशोक मोटर्सच्या कारखान्यात १९५० च्या सुमारास लेलँडचे कॉमेट ट्रक जुळवायला सुरुवात झाली आणि १९५५ साली कंपनीचं नाव अशोक लेलँड झालं. हा अशोक म्हणजे संस्थापक रघुनंदन सरन यांचा मुलगा. टपरीवर मात्र तो सम्राट अशोक समजला जाई, आणि लेलँड हा त्याचा कोणीतरी इंग्रज भागीदार. कलिंगच्या लढाईनंतर सम्राटाने हिंसा सोडून वाहतुकीचा धंदा धरला, यात कोणालाच काही वावगं वाटत नव्हतं.

मूळच्या इंग्रज लेलँड कंपनीला जनावरांचा भलताच नाद. तिने आपल्या ट्रकांना बीव्हर, बायसन, ऱ्हायनो, हिप्पो अशी नावं ठेवली आणि आठ चाकांच्या एका ट्रकला तर सरळ ऑक्टोपस म्हटलं. त्यातले बीव्हर आणि हिप्पो आपल्याकडेही आले. ज्यांनी जन्मात पाणघोडा पाहिला नव्हता, अशी आमच्याकडची माणसं “हिप्पो सरकी घेऊन अकोल्याले गेला” असं अगदी सहज बोलत. बीव्हर हा प्राणी काय करतो हे मी फार उशिरा, दूरदर्शनवर पाहिलं. तो नदीत लाकडं अडवून धरण बांधतो. आमच्या रस्त्यावर पंक्चर झालेला बीव्हर तेच काम करी.

पण मामांची पहिली गाडी लेलँड नव्हती. शेठजींनी त्यांच्या हवाली केला तो कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा फार्गो, आणि त्याच्या पोटात पर्किन्सचं पी-सिक्स. इंग्लंडमधल्या पीटरबरो गावात फ्रँक पर्किन्स यांनी १९३२ साली ही कंपनी काढली. तोवर डिझेल म्हणजे जड, संथ, जहाजात नाहीतर कारखान्यात बसून राहणारं इंजिन, अशी समजूत होती. पर्किन्सनी ते हलकं आणि चपळ करून गाड्यांत घातलं. पुढे मद्रासच्या सिम्प्सन कंपनीने ते इथेच बनवायला घेतलं, त्यामुळे अर्धं गाव त्याला पर्किन्स म्हणे आणि अर्धं सिम्प्सन. सहा सिलिंडर आणि ऐंशीच्या वर अश्वशक्ती. मामांच्या मते त्यातले निम्मे घोडे हिवाळ्यात नेर सुटेपर्यंत झोपलेलेच असत.

या घोड्यांना उठवणं हा डिसेंबरातला सार्वजनिक कार्यक्रम होता. पहाटे क्लीनर आम्हां पोरांना हाका मारी. आम्ही घराघरांतून पऱ्हाट्या आणि तुराट्या गोळा करून आणत असू. त्यांची शेकोटी कुठे पेटवायची? इंजिनाच्या बरोब्बर खाली, ऑइलच्या चेंबरला धग लागेल अशी. पलीकडे हाताच्या अंतरावर डिझेलची टाकी. पीटरबरोच्या एखाद्या इंजिनिअरने हे दृश्य पाहिलं असतं तर तो परतीच्या बोटीचं तिकीट न काढता पोहत निघाला असता. ऑइल पातळ झालं की मामा केबिनमध्ये चढून सेल्फ मारत. बॅटरी एकदा कण्हून गप्प होई. मग धक्का. दहा-बारा माणसं, त्यांत टाटाच्या बाकावरचेही, कारण धक्का मारताना टोमणेही मारता येतात. गाडी दोनदा फुरफुरे आणि बसे. “एअर धरली,” मामा जाहीर करत. मग पंपाचा स्क्रू ढिला करून हातपंप दाबत बसायचं, फेसाळ डिझेल यायचं थांबून सलग धार लागेपर्यंत. शेवटी इंजिन लागलं की असा पांढरा धूर निघे की धक्का मारणारे एकमेकांना नावाने हाका मारून शोधत.

मे महिन्यात याच्या उलट. पारा पंचेचाळीसला टेकला की हीच गाडी दर चढावर रेडिएटरमधून वाफ सोडी आणि क्लीनर डबडं घेऊन विहिरी शोधत फिरे. पावसाळी, गारठ्याच्या देशात जन्मलेल्या इंजिनाला आम्ही हिवाळ्यात शेकलं आणि उन्हाळ्यात आंघोळ घातली. घरच्या म्हाताऱ्यांचंही आम्ही इतकं केलं नाही, असं आजी म्हणे. ती अर्थात स्वतःबद्दल बोलत होती.

शेतातलं इंजिन त्या मानाने गरीब. लिस्टर. ग्लॉस्टरशायरमधल्या डर्सलीचं, एका सिलिंडरचं, मिनिटाला साडेसहाशे फेरे घेणारं, दोन्ही बाजूंना जड फ्लायव्हील. नंतर राजकोटवाल्यांनी त्याचीच हुबेहूब इंजिनं काढली. पुण्याकडच्या किर्लोस्करांची इंजिनं आली, साताऱ्याच्या कूपरने तर स्वातंत्र्याच्या आधीच डिझेल इंजिन बनवलं होतं. पण म्हाताऱ्या शेतकऱ्यांच्या तोंडी कुठल्याही इंजिनाचं नाव लिस्टरच. हँडल मारताना एक पथ्य होतं: अंगठा मुठीच्या बाहेर ठेवायचा. हँडल उलटं फिरलं तर नुसता दणका बसतो. अंगठा आत असेल तर तो तिथेच राहतो. हे पथ्य आम्हांला बाराखडीच्या आधी शिकवलं गेलं. एकदा लागलं की लिस्टर दिवसभर टुक-टुक करत राही, आणि थंड व्हायला त्याच्या अंगातून फिरून आलेलं विहिरीचं पाणी एका बारक्या नळीतून कोमट होऊन पडे. त्या नळीखाली अंगाला साबण लावून उभं राहण्याइतका ऐषाराम मी पुढे एकाही हॉटेलात उपभोगलेला नाही. फक्त आंघोळीनंतर अंगाला डिझेलचा वास यायचा. शाळेत आमच्या बाकावर कोणी बसत नसे, हा त्यातला आणखी एक फायदा.

आता मिस्तरी. बाकी सगळं आलं ते त्यांच्यापर्यंत येण्यासाठीच.

गॅरेज म्हणजे एक कडुलिंब आणि त्याच्या फांदीला टांगलेली चेनकप्पी. इंग्रजी वाचायचा प्रश्न नव्हता. कोणीतरी आणून दिलेलं लेलँडचं माहितीपुस्तक डुगडुगणाऱ्या बाकाच्या पायाखाली होतं आणि तिथे ते उत्तम काम देई. मिस्तरींचं खरं हत्यार एक लांब पेचकस. त्याचं टोक चालू इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. भोवती ड्रायव्हर, क्लीनर, शेठजी, आम्ही पोरं, सगळे श्वास रोखून. पेचकस एका सिलिंडरवरून दुसऱ्यावर जाई. मग निकाल लागे: “चार नंबर खोकलून रायला.” उघडलं की चार नंबरचाच नोझल. डॉक्टरांवर गावात वाद होते, मिस्तरींवर नाही. शेठजींना दम लागायचा तेव्हा त्यांनीही एकदा पेचकसाकडे आशेने पाहिलं होतं.

व्हॉल्व्हचं अंतर मोजायला इंग्रजांनी बारीक पट्ट्यांचा जुडगा दिला होता, तो हरवला. मिस्तरी हॅक्सॉच्या जुन्या पात्याने मोजत. गॅस्केट मिळालं नाही तर पुठ्ठा ग्रीसमध्ये भिजवून कापत. माझ्या भूगोलाच्या वहीचा पुठ्ठा पर्किन्सच्या वॉटर पंपाला गेला. त्या वहीत मी ब्रिटिश बेटांचा नकाशा काढला होता, म्हणजे त्या इंजिनाला थोडा मायदेश मिळालाच. मग हळूहळू लायनर राजकोटचे आले, नोझल बेंगळुरूच्या मायकोचे, क्रँक अमरावतीच्या लेथवर घासून आला, हेडची चीर यवतमाळात वेल्डिंगने बुजवली. दर दुरुस्तीला थोडं थोडं इंग्लंड भंगारवाल्याच्या तराजूत जाई. काही वर्षांनी त्या इंजिनात बिलायती उरली ती बाजूची पितळी पाटी. तीही एका दिवाळीत मामींनी चिंच लावून इतकी घासली की अक्षरं गेली.

आणि लोक मात्र म्हणत, “बिलायती माल हाय बाप्पा, म्हून टिकला.” मिस्तरी काही बोलत नसत, उधारीची वही काढत.

खरं तर बिलायती माल टिकतो याचा पुरावा हवा असेल तर दारव्ह्याला जायला हवं होतं. तिथून जाणाऱ्या ‘शकुंतला’ या रेल्वेगाडीला मँचेस्टरमध्ये १९२१ साली बनलेलं वाफेचं इंजिन होतं, आणि ते थेट १९९४ पर्यंत गाडी ओढत राहिलं. मग डिझेलचं लावलं. वेळापत्रक त्याने सुधारलं नाही. फक्त प्रवाशांचे सदरे कोळशाने जळायचे थांबले.

डिझेल ज्याच्या नावाने चालतं तो रुडॉल्फ डिझेल जर्मन, म्हणजे टाटाच्या बाकाचा. २९ सप्टेंबर १९१३ च्या रात्री तो अँटवर्पहून इंग्लंडला निघालेल्या बोटीत चढला आणि सकाळी आपल्या खोलीत नव्हता. काही दिवसांनी समुद्रात देह सापडला. ही हकीकत मी मिस्तरींना सांगितली, तेव्हा ते बराच वेळ हात पुसत राहिले. मग म्हणाले, “आमी जल्मभर डिझेलात पानी जाऊ नाई म्हून मरमर केली. इथं डिझेलच पान्यात गेलं.”

लेलँडच्या बाकाला खूश करणारी हकीकत माझ्या वाचनात आली, तोवर टपरी रस्तारुंदीत गेली होती. १९४३ साली जर्मनांच्या ‘टिरपिट्झ’ युद्धनौकेवर हल्ला करायला इंग्रजांनी चिमुकल्या पाणबुड्या नॉर्वेच्या खाडीत पाठवल्या. त्यांत गार्डनर कंपनीचं बेचाळीस अश्वशक्तीचं डिझेल इंजिन होतं, बसगाड्यांत असे त्याच जातीचं. युद्धनौका जबर जायबंदी झाली. म्हणजे बसच्या इंजिनाने लढाई मारली, आणि कंडक्टर नसल्यामुळे कोणाला तिकीटही लागलं नाही.

मामा समुद्राला भेटले ते रिटायर झाल्यावर. पुतणीच्या लग्नाच्या निमित्ताने आम्ही दापोलीकडे गेलो आणि संध्याकाळी हर्णेच्या बंदरावर मासळीचा लिलाव पाहायला उभे राहिलो. मामांनी मासळीकडे पाहिलंही नाही. एक ट्रॉलर किनाऱ्याला येत होता आणि मामांची मान तिरपी झाली होती.

“लेलँड हाय,” ते म्हणाले.

“मामा, ती होडी आहे.”

“मंग? होडीत काय बैल जुपतेत?”

तांडेल उतरला, तेव्हा मामा त्याच्यापुढे उभे. त्याची बोली मामांना कळेना, मामांची त्याला. पण इंजिनाचा विषय निघाला आणि दोघांची गाडी सुरळीत लागली. होय, अशोक लेलँडच. पश्चिम किनाऱ्यावर याच इंजिनाच्या किती तरी बोटी. रेडिएटर नाही, समुद्राचंच पाणी फिरवून थंड करतात, हे ऐकून मामांच्या चेहऱ्यावर आयुष्यभर डबडी भरून आणवल्याचं दुःख उमटलं. मग त्यांनी खलाशाकडून पेचकस मागून घेतला, आत उतरले, टोक टेकवलं, मूठ कानाला लावली. “दोन नंबर पाहून घेजा,” असं बाहेर येऊन सांगितलं. तांडेलाने मान डोलावली. दोन नंबर त्रास देत होता, हे त्यालाही माहीत होतं.

आता मामांची भीड चेपली. ब्रेक कुठाय, असं त्यांनी विचारलं.

“बोटीला ब्रेक नसतो, काका.”

मामा दोन पावलं मागे सरले. “मंग थांबवता कशी?”

“इंजिन कमी करायचं, गिअर काढायचा. मग ती जाते तिच्या मर्जीनं आणि थांबते तिच्या मर्जीनं. फारच अंगावर आली तर रिव्हर्स टाकायचा, आणि पुढे कोण असेल त्याला ओरडून सांगायचं.”

मामांचा चेहरा उजळला. त्यांनी तांडेलाच्या खांद्यावर हात ठेवला.

“अस्सं सांग ना बाप्पा,” ते म्हणाले. “आमच्या फार्गोचं बी असंच होतं!”