देवगणात भरती

मनुष्याला आपला पिंड ओळखावयाचा तर घरदार सोडून नर्मदातीरी जावे लागे, आणि तेथेही ओळख पटण्यापूर्वी बहुधा आयुष्यच सरत असे, तो काळ आता मागे पडला असून, सांप्रत हे कार्य मोबाइलच्या काचेवर अंगठा फिरवून, दुपारचा चहा निवण्याच्या आत उरकता येते, ही गोष्ट वाचकांस विदित असेलच. आपणांस डोंगर आवडतो की समुद्र, पहाट की सायंकाळ, निळा रंग की भगवा, आणि मित्र संकटात सापडला असता आपण त्याला उपदेश करता की धीर देता, असे आठ-दहा सवाल सोडविले की पडद्यावर क्षणभर एक चक्र फिरते (ते सुदर्शन असावे असा भाविकांचा समज आहे) आणि लागलीच फैसला प्रकट होतो की, आपल्या व्यक्तिमत्त्वाशी जुळणारे दैवत अमुक होय.

गेल्या नवरात्रात ही परीक्षा आमच्या गृहनिर्माण संस्थेत दाखल झाली आणि यच्चयावत सभासद तीत विशेष प्रावीण्यासह उत्तीर्ण झाले. वार्षिक सभेचे इतिवृत्त सभेपूर्वीच लिहून ठेवणारे चिटणीस श्रीकृष्ण निघाले. तीन वर्षांची वर्गणी थकविलेल्या एका गृहस्थांस ऐहिकाविषयीच्या औदासीन्यामुळे शंकर लाभला, आणि हे निदान निखालस खोटे आहे असे मलाही म्हणवेना. पाण्याच्या टाकीच्या प्रकरणापासून खालच्या दोन्ही मजल्यांशी अबोला धरून असलेल्या बाई अन्नपूर्णा ठरल्या. शनी, यम, राहू अथवा म्हसोबा यांपैकी एकाही उमेदवाराला सबंध इमारतीत एक मत पडले नाही. मग एवढ्या साऱ्या देवांच्या निवासस्थानी जिन्यावर पानाच्या पिचकाऱ्या मारतो कोण, हा तपासाचा मुद्दा तेवढा शिल्लक राहतो.

या सार्वत्रिक यशाचे मर्म अमेरिकेतील बर्ट्रम फोरर नामक मानसशास्त्राच्या अध्यापकाने १९४८ सालीच उघड करून ठेवले आहे. त्याने आपल्या ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली, प्रत्येकाच्या हाती त्याच्या स्वभावाचे म्हणून एक खासगी वर्णन ठेवले, आणि ते कितपत जुळते याला पाचपैकी गुण द्यावयास सांगितले. सरासरी ४.२६ गुण पडले. मग सर्वांना कळले की वर्णन सर्वांना एकच दिलेले होते, आणि त्यातील बरीचशी वाक्ये रस्त्यावरच्या विक्रेत्याकडून घेतलेल्या ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेली होती. फोररसाहेबांनी त्या मजकुराच्या शिरोभागी एखादे दैवत छापले असते, तर राहिलेला पाऊण गुणही त्यांना हातचा होता.

आमच्या पूर्वजांना ही विद्या अवगत नव्हती असे मात्र नव्हे. पंचांगकर्ता हेच काम एकही सवाल न विचारता करीत असे. जन्मसमयी चंद्र ज्या नक्षत्री असेल त्या नक्षत्राचे दैवत ते आपले. आणि नक्षत्रे सत्तावीस असल्यामुळे कोणाच्या वाट्याला विष्णू येई, तर कोणाच्या वाट्याला भरणीचा यम, आश्लेषेचा सर्प किंवा मूळ नक्षत्राची ती निर्ऋती, जिला नवस बोलण्यास कोणी धजत नाही. यावर पुन्हा गणांची वाटणी: नऊ नक्षत्रे देवगणाची, नऊ मनुष्यगणाची आणि नऊ राक्षसगणाची. म्हणजे लोकसंख्येचा सुमारे तृतीयांश हिस्सा राक्षस आहे हे या शास्त्राने कोणाची भीडभाड न ठेवता कोष्टकातच मांडून ठेवले. त्यातही एक बारकावा आहे, जो मला सबंध पंचांगात अतिशय प्रिय आहे. भरणीचे दैवत साक्षात यम. तिचा गण मनुष्य. ज्येष्ठेचे दैवत देवांचा राजा इंद्र. तिचा गण राक्षस. ज्याने हे कोष्टक आखले त्याने एखाद्या दरबारात काही काळ नोकरी केली असली पाहिजे.

शिवाय या निकालाला किंमत मोजावी लागे. विवाहाच्या छत्तीस गुणांपैकी सहा गुण गणाचे असतात, त्यामुळे मुलगी राक्षसगणी निघाली की बापाने दोन-चार घटका इकडेतिकडे करून नवे जन्मटिपण बनवून घ्यावे आणि मुलगा राक्षसगणी निघाला तर तो तडफदार आहे असे सांगत फिरावे, ही रीत घरोघर चालत आलेली आहे. ती निंद्य होती यात संशय नाही; परंतु लबाडी करण्याइतके तरी लोक त्या निकालाला भीत होते.

कुलदैवताच्या बाबतीत तर आवडीनिवडीचा प्रश्नच उद्भवत नसे. जेजुरीचा खंडोबा, तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका ही दैवते वतनासारखी वंशपरंपरा चालत येत, आणि वारसाचा स्वभाव भंडारा उधळण्याचा आहे की काटकसरीचा आहे, याची दखल कोणी घेत नसे. कोकणात आरवलीच्या वेतोबाला भक्त मोठमोठ्या चामडी वहाणा अर्पण करतात, कारण तो रात्री गावाभोवती गस्त घालतो आणि त्याच्या वहाणा झिजतात अशी श्रद्धा आहे. त्याच्याशी आपले व्यक्तिमत्त्व जुळते काय, असे विचारण्याचे धाडस तेथील रहिवाशाच्या मनातही येणार नाही. तो आपला कूळकायदा, सोयरीक, आजारपण घेऊन कौल लावतो, मूर्तीवरची पाकळी उजवीकडून पडते की डावीकडून हे श्वास रोखून पाहतो, आणि पडेल तो हुकूम शिरसावंद्य मानतो. तेथे सवाल भक्ताचा असे आणि निकाल देवाचा. आता सवाल यंत्राने घालावा, उत्तर भक्ताने द्यावे आणि देवाने हजेरीपत्रकावर तेवढी सही करावी, अशी नवी वहिवाट पडली आहे.

आता आग्रहच असेल, तर देवांशी आपले जुळत नाही असे मी म्हणणार नाही. ते उत्तम जुळते. फक्त जेथे जुळते ती पाने या परीक्षेने फाडून ठेवली आहेत. कोठे कोणी तप आरंभिले की आपले आसन डळमळले असे मानून अप्सरा रवाना करणाऱ्या इंद्राचे वारस प्रत्येक साहित्यसंस्थेच्या आणि साखर कारखान्याच्या कार्यकारिणीत विपुल आहेत; अप्सरांचा खर्च परवडत नसल्यामुळे ते चौकशी समिती धाडतात, इतकाच फरक. सत्तावीस भार्या असता एकट्या रोहिणीकडे मुक्काम ठोकल्याबद्दल सासऱ्याच्या शापाने क्षय पावलेला चंद्र आणि सबंध जिल्ह्याचा निधी स्वतःच्याच मतदारसंघात उतरविणारा पालकमंत्री यांच्या पत्रिका जुळविण्यास ज्योतिषी कशाला हवा? पृथ्वीप्रदक्षिणेच्या पैजेत कार्तिकेय मोरावर बसून खरोखरच निघून गेला आणि गजाननाने आईबापांभोवती फेरी घालून बाजी मारली, ही कथा आपण मुलांना मातृपितृभक्तीसाठी सांगतो. सरकारी कचेरीत ज्याने हयात घालविली आहे त्याला मात्र ती निराळी ऐकू येते: तालुका पायाखाली घालून शेवटी फिरतीची बिले नामंजूर करून घेणारा कार्तिकेय कोण, आणि साहेबांच्या मेजाभोवती एक फेरी घालून बढती पदरात पाडून घेणारा कोण, हे तो नावनिशीवार सांगेल. या दुसऱ्याला गजानन म्हणावयास माझी जीभ धजत नाही. दैवताची काही अब्रू आहे.

तेव्हा परीक्षा घ्यावयाचीच तर ती रीतसर घ्यावी, अशी माझी सूचना आहे. डोंगर की समुद्र हा सवाल खारीज करून त्या जागी, घरी भांडी घासावयास येणाऱ्या बाईचा पगार मागे केव्हा वाढविला, सातबाऱ्यावरील बहिणीचे नाव कोणत्या साली व कोणाच्या गोड बोलण्याने कमी झाले, शेजाऱ्याच्या मुलाला नोकरी लागल्याची बातमी ऐकून प्रथम उच्चारलेले वाक्य कोणते, असे सवाल घालावेत. उत्तरे अर्जदाराकडून न घेता त्याच्या पत्नीकडून व शेजाऱ्यांकडून घ्यावीत. आणि निकालाची नक्कल मुद्रांकित कागदावर देऊन ती इमारतीच्या दर्शनी भागी तीस दिवस लावावी. ज्यांस निकाल नामंजूर असेल त्यांनी चित्रगुप्ताच्या दफ्तरी अपील दाखल करावे. तेथे कोर्ट-फी नाही, वकील नाही, तारखाही पडत नाहीत. अर्जदाराने जातीने हजर राहावे, एवढीच काय ती अट आहे.