साखरपुडा तळेगावचा, वरात कोरियाची

अहो, ऐकलंत का? कोपऱ्यावरच्या वकिलांनी नवी व्हेन्यू घेतली! काल बल्लाळेश्वराच्या दारात पूजेला आणली होती. हार, नारळ, चाकाखाली लिंबं, सगळं साग्रसंगीत. आणि वकीलवहिनी मला म्हणतात कशा, "काकू, आपल्या तळेगावची गाडी आहे हं!" मी म्हटलं, तळेगावची खरी, पण ती जिथे बनते त्या कारखान्याचा साखरपुडा आधी कुणाशी झाला होता ते ठाऊक आहे का? असा चेहरा पडला त्यांचा! त्यांना वाटलं, मी गाडीलाच नाव ठेवतेय.

जरा इकडे या, मोठ्याने बोलायला नको. तो कारखाना मूळचा शेवरोलेवाल्या अमेरिकनांचा. आपण खोपोलीवरून घाट चढून पुण्याला जातो ना, त्या वाटेवरच. त्यांचं इथे काही बस्तान बसेना. २०१७ सरताना त्यांनी इथली विक्रीच गुंडाळली, बनवायच्या त्या नुसत्या परदेशी पाठवायला. मग जानेवारी २०२० मध्ये ग्रेट वॉल नावाची चिनी कंपनी मागणी घालायला आली. आता पुढची तारीख ऐका हं. १५ जून २०२०, सोमवार. लॉकडाऊनचे दिवस, सगळं व्हिडिओवर. मुख्यमंत्री उद्धव ठाकरे, उद्योगमंत्री सुभाष देसाई, शिवाय चिनी राजदूत सुन वेइदोंग. ३,७७० कोटींचा करार, दोन हजारांवर नोकऱ्या. आणि त्याच रात्री लडाखमध्ये गलवानला चिन्यांशी झटापटीत... वीस जवान गेले हो आपले. गोळी नाही, दांडके नि दगड. कर्नल संतोष बाबू गेले. तो आठवडा आठवला तरी घशाखाली घास उतरत नाही.

आठवड्याभरात देसाईंनी सांगितलं, केंद्राशी बोलून तिन्ही चिनी करार 'जैसे थे' ठेवलेत. हो, तीन होते, सगळे मिळून पाच हजार कोटींच्या वर. पण रद्द नाही म्हणाले हं! साखरपुडा मोडला असं कुणी म्हणायचं नाही, नि लग्नाची तारीखही कुणी काढायची नाही.

तुम्ही म्हणाल, इकडे करार नि तिकडे मारामारी, चिन्यांचं हे तेव्हाच झालं. छे हो! २०१४ चा सप्टेंबर आठवा. शी जिनपिंग साबरमतीच्या काठी मोदींच्या शेजारी झोपाळ्यावर बसले होते, आणि तिकडे लडाखमध्ये चुमारला त्यांचे सैनिक आपल्या सैनिकांसमोर ठाण मांडून! त्याच दौऱ्यात दिल्लीत ते आपल्या सोलापूरच्या डॉक्टर कोटणीसांच्या बहिणीला भेटले. डॉक्टर १९३८ साली गेले चीनला, जपान्यांशी लढणाऱ्या जखमींची सेवा करता करता १९४२ मध्ये तिथेच वारले. वय अवघं बत्तीस. चिनी नेते आले की कोटणीसांच्या घरच्यांची आठवण काढतातच. ती माया खोटी आहे असं मी म्हणणार नाही. पण सरहद्दीवर रेटायचं ते रेटतातच ना! आणि वर आपल्यालाच सांगतात, सीमेचं सीमेपाशी ठेवा, धंद्यात आणू नका. आपले परराष्ट्रमंत्री जयशंकर म्हणतात, सीमेवर शांतता नसेल तर बाकीचं सुरळीत कसं चालेल? मला तर हेच पटतं बाई.

तर काय सांगत होते... हां, ग्रेट वॉल. शेजारच्या देशांतला पैसा परवानगीशिवाय घ्यायचा नाही, असा नियम दिल्लीने एप्रिल २०२० मध्येच केला होता. ती परवानगी काही आली नाही. दोन वर्षं वाट पाहिली, जून २०२२ मध्ये बोलणीच संपली. कारखान्याला तर डिसेंबर २०२० पासून कुलूप. कामगार कोर्टात गेले, त्यांच्या हालांबद्दल कोण बोलतंय? आणि मग ऑगस्ट २०२३ मध्ये व्हेन्यूवाल्या ह्युंदाईने तो कारखाना घ्यायचा करार केला. अमेरिकेचं घर, चीनची मागणी, नांदायला आले कोरियन!

आणखी एक, हे आपल्यातच ठेवा... म्हणजे पेपरात आलंय, तरीही. ती एमजी गाडी आहे ना, नाव इंग्रजाचं, पण मालक शांघायचे. त्यात आता पस्तीस टक्के कुणाचे? जिंदालांचे! तेच हो, आपल्या वडखळजवळ डोलवीला ज्यांचा स्टीलचा कारखाना आहे. म्हणजे चिन्यांना एका दाराने अडवलं, तर दुसऱ्या दाराने ते आधीच आत येऊन बसलेले.

आणि हा ट्रम्प! त्याने चीनवर टॅरिफ लावलं, म्हणून एप्रिल २०२५ मध्ये चीनने मोटारीत लागणाऱ्या चुंबकांच्या निर्यातीवर परवाना बसवला. रेअर अर्थ म्हणतात ना, त्यांचे चुंबक. मुठीत मावेल एवढी वस्तू, पण तिच्यावाचून विजेच्या बहुतेक स्कूटरची मोटर फिरत नाही. भांडण वॉशिंग्टन-बीजिंगचं, आणि उत्पादन अडलं आकुर्डीच्या बजाजांच्या चेतकचं! पुढे ट्रम्पने आपल्यावरही पन्नास टक्के लावले आणि ऑगस्टच्या शेवटी मोदी तियांजिनला गेले, सात वर्षांनी चीनच्या भूमीवर. ऑक्टोबरात थेट विमानंही सुरू झाली. मानससरोवराची यात्रा तर त्या उन्हाळ्यातच उघडली होती. म्हणजे अमेरिकेने डोळे वटारले की आपण तिकडे बघून हसायचं, असंच ना?

माझं विचाराल तर जून २०२० मध्ये करार थांबवले ते बरोबरच केलं. वीस जणांच्या चिता विझायच्या आत हार-तुरे कसले? पण त्याच महिन्यात टिकटॉकसकट ५९ ॲप बंद करून आपण टाळ्या वाजवल्या आणि चुंबक मात्र तिकडूनच आणत राहिलो. पाच वर्षं हातात होती, तेवढ्यात चुंबकाचे कारखाने उभे करायला हवे होते. ते केलं नाही, आणि हा दोष काही चिन्यांचा नाही.