वरील दोन्ही नावांची व्यक्ती एकच

आमच्या काकीला पोर्तुगीज करायचं घरात ठरलं, तेव्हा ती खळ्यात सोलं वाळत घालत होती. ठरलं म्हणजे नातवानं ठरवलं. तो गोव्यात एका हॉटेलात स्वयंपाकी आहे. त्याच्या शेजारी उभा राहून कांदे चिरणारा मडगावचा मुलगा आयर्लंडला गेला आणि जाताना याला विचारून गेला, ‘तुजी आजी पेडण्याची न्हय? मागीर तूं हांगा कितें करता?’ त्या प्रश्नानं नातवाची झोप उडाली.

काकीनं सगळं ऐकून घेतलं, हातातलं सूप खाली ठेवलं आणि म्हणाली, “पाखल्यांका हाकलूक माणसां मेली. आणि तुमी म्हातारपणी माका पाखलीण करतास?”

पाखले म्हणजे पोर्तुगीज. हा शब्द आमच्या कणकवलीत अजून मुलांना भिववायला वापरतात. आता त्याच पाखल्यांच्या कायद्यात आमच्या नातवाचं भाग्य लपलं होतं. तो कायदा असा, की १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोवा, दमण किंवा दीवमध्ये जन्मलेल्या माणसानं आपला जन्म लिस्बनच्या दप्तरात नोंदवला की तो पोर्तुगीज नागरिक. मग त्याचा मुलगा, मग मुलाचा मुलगा. रांग पहिल्या माणसापासूनच सुरू होते. नातवाला आयर्लंडात बटाटे सोलायचे असतील, तर आधी काकीला कागदावरून लिस्बनला जाऊन यावं लागतं.

मी पोस्टातून निवृत्त झालोय. त्यामुळे घरातला कुठलाही कागद माझ्याकडे येतो, जणू मी अजून बटवडाच करतोय. काकीला आणि नातवाला घेऊन मी वकिलांकडे गेलो. बाजाराचा दिवस होता. उड्डाणपूल झाल्यापासून हायवे कणकवलीच्या डोक्यावरून जातो आणि गाव खाली सावलीत बसतं. त्या सावलीतच वकिलांचा जिना. हे वकील जन्मभर सातबारा, कुळकायदा, वाटण्या आणि बांध कोरल्याचे दावे लढत आले. मला शंका होती, की परदेशातल्या नागरिकत्वाचं यांना काय कळणार? त्यांनी फाइलवर ‘वारस’ असं लिहिलं आणि म्हणाले, “ह्यां काय वेगळां नाय. मूळ पुरुष शोधूचो, मगे खाली येवचा. हयसर मूळ पुरुष काकी.”

काकी पदर सावरून मूळ पुरुषासारखी बसली.

“काकी, तुमचो जन्म खंयचो?”

“आवशीच्या पोटातलो.”

“तां झालांच. पण आवस तेव्हा खंय होती?”

विनोदाचा भाग सोडला, तर सगळा खटला या एका प्रश्नावर उभा होता. काकीचं माहेर गोव्यातल्या पेडण्याचं, पण तिच्या आईचं माहेर बांद्याचं. आपल्याकडे बाळंतपण माहेरी. काकीच्या थोरल्या भावंडांपैकी एकूण एक बांद्यात जन्मलं, म्हणजे भारतात. तेरेखोल नदीच्या अलीकडे. काकी बांद्यात जन्मली असती तर आम्ही वडे-उसळ खाऊन घरी आलो असतो. (काकीच्या वडिलांच्या बाजूनं दावा लावता आला असता म्हणा, पण ते केव्हाच गेले, आणि त्यांचा कागद शोधायला कुठून सुरुवात करायची तेही कुणाला ठाऊक नाही.)

काकी जन्मली १९५५ च्या डिसेंबरात. त्या वर्षी पंधरा ऑगस्टला सत्याग्रही पत्रादेवीला सीमा ओलांडायला गेले आणि पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या. त्यानंतर भारतानं गोव्याची नाकेबंदी आवळली, जाण्यायेण्याचे रस्ते बंद झाले. काकीची आई सातव्या महिन्यात बांद्याला जायला निघणार होती, ती निघायची राहिली. परवाना मिळाला नाही. काकीच्या आजीनं म्हणे बांद्याच्या काठावर उभं राहून सरकारला शिव्या दिल्या, दोन्ही सरकारांना. काकी पेडण्यातच जन्मली.

वकिलांनी पेन खाली ठेवलं. “म्हणजे त्या वर्षी परवानो गावलो नाय म्हणान आता गावतलो.”

नातवाला यातलं अर्धंच कळलं, पण त्याचा चेहरा उजळला. मला मात्र पेडण्याची गंमत वाटली. हा मुलूख अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत सावंतवाडीकरांचा, मग पोर्तुगीजांचा, १९६१ नंतर भारताचा. पोर्तुगालनं ते मान्य करायला आणखी तेरा वर्षं घेतली. त्यांच्याकडची हुकूमशाही कोसळल्यावर ३१ डिसेंबर १९७४ ला दिल्लीत करार झाला. आपल्याकडून सही यशवंतराव चव्हाणांची. काकीचं लग्नही त्याच वर्षीचं, वैशाखातलं. म्हणजे लिस्बनच्या लेखी आमच्या काकांनी परदेशी बायको केली होती. काका हयात असते तर ही गोष्ट त्यांनी तिठ्यावर सांगून सांगून जुनी केली असती.

आता कागद. पेडण्याच्या नोंदणी कार्यालयातून काकीच्या जन्माचा मूळ उतारा आणायचा. गोव्यात त्याला ‘तेओर’ म्हणतात. लिस्बनला नोंद झाली की तिला ‘आसेंतु’ म्हणतात. नातू हे शब्द कोळंबीचे प्रकार असल्यासारखे म्हणत होता. उताऱ्यावर अपॉस्टिल हवं. भारत २००५ पासून अपॉस्टिलच्या करारात आहे, त्यामुळे आपला कागद खरा आहे असं आपल्या परराष्ट्र खात्यानं एकदा शिक्का मारून सांगितलं की तिकडच्या सरकारानं पुन्हा शंका घ्यायची नसते. काकीला ऐकू आलं ‘पोस्टल’. “मगे हेका कित्याक इचारतास? हो पुतण्यो पोस्टातच होतो.” माझी मान ताठ झाली, ती वकिलांनी खुलासा करेपर्यंत.

मग काकीच्या मुलाचा, म्हणजे माझ्या चुलतभावाचा जन्मदाखला. जन्म १९७६, गाव कणकवली तालुक्यातलं. नोंद आहे, तारीख आहे, बापाचं नाव आहे, मुलाच्या नावाची जागा कोरी. बारशाच्या आधी नोंद झाली आणि बारशानंतर पुन्हा ग्रामपंचायतीत कोण जातो? नुसतं ‘मुलगा’ लिहिलंय. मुलग्याला आज पन्नाशी आलीय, दोन्ही गुडघे दुखतात. लिस्बनला हे कसं सांगणार?

पण खरी गाठ पडली काकीच्या नावाशी. ते नाव मी इथं देत नाही, वकिलांनी बजावलंय. माहेरचं नाव ‘श’वरून सुरू होतं, सासरचं ‘स’वरून. बोहल्यावरून उतरल्यावर काकांनी ताटातल्या तांदळात अंगठीनं नवं नाव लिहिलं, आणि त्या क्षणी जुन्या नावाची मुलगी कायद्याच्या दृष्टीनं बेपत्ता झाली. तांदळावर तारीख नव्हती, शिक्का नव्हता. दुसऱ्या दिवशी ते तांदूळ खिरीत गेले असणार. रेशनकार्डावर ‘स’, मतदार यादीत ‘स’ची चुकीची वेलांटी, आधारवर इंग्रजीत तिसरंच काही, बँकेत लाडाचं नाव. एवढ्या बायका एका काकीत राहत होत्या याची आम्हाला कल्पना नव्हती.

यावर आपल्याकडे एकच औषध. स्टॅम्पपेपरवर प्रतिज्ञापत्र, की वरील सर्व नावांची व्यक्ती एकच आहे. हा कागद पूर्वी शंभरात व्हायचा; २०२४ मध्ये स्टॅम्प पाचशेवर गेला. मला वाटतं, परदेशी जाण्याच्या वकिलीत निम्मं काम हेच असावं. तिकडे माणसाला एक नाव, एक आडनाव, एक तारीख. इकडे माणूस अमक्याची सून, तमक्या वाडीतली थोरली, बांद्याकरणीची नात. गावात तिला ओळखायला कुणालाच कागद लागत नाही, म्हणून तिच्याकडे कागद नाहीत. वकील आमच्या अघळपघळ ओळखीला इस्त्री करतात, त्याची ही फी.

एका एजंटाला मी फोन करून पाहिला होता, खोटं कशाला बोलू. तो म्हणाला, “आजी नसली तरी चालेल. आजी आम्ही देतो.” मी फोन ठेवला. घरात दोन आज्या झाल्या तर सोलं कोण खाणार?

आमच्या वकिलांनी तसलं काही केलं नाही. उलट घाबरवलं. नागरिकत्व कायद्याचं कलम ९ सांगितलं: दुसऱ्या देशाचं नागरिकत्व आपणहून घेतलं की भारताचं जातं, आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही. तो कायदाही १९५५ च्या डिसेंबरातलाच, काकीच्या बरोबरीचा. मग परदेशी झालेल्या भारतीयांसाठीचं ओसीआय कार्ड घ्यायचं. गोव्यातल्या पुष्कळांना भारतीय पासपोर्ट रद्द झाल्यामुळे तेही मिळेना. २०२४ च्या एप्रिलमध्ये केंद्रानं ती वाट थोडी मोकळी केली. ओसीआयवाल्याला हवे तेवढे दिवस इथं राहता येतं. मत देता येत नाही, आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वारशानं येते ती येते.

इथं नातू पहिल्यांदा गप्प झाला. त्याचा बेत असा होता, की आयर्लंडात दहा वर्षं कढया घासायच्या आणि युरो आणून वरच्या सड्यावरची काजूची बाग घ्यायची. आता कळलं, कढया घासायचा हक्क मिळवताना बागेचा हक्क जातो. (पूर्वी ही सगळी धडपड विलायतेसाठी असायची. पोर्तुगीज पासपोर्ट घेऊन गोंयकार स्विंडनला जाऊन बसले. २०२० च्या अखेरीस इंग्रजांनी तो दरवाजा लावून घेतला. आयर्लंड उघडं आहे, म्हणून आमचं आयर्लंड.)

काकीला वेगळी चिंता. “वकिलांनू, मगे माका हयच्या भालचंद्र बाबांच्या मठात जावक इसा लागतलो?”

“नाय लागूचो.”

“आणि रेशन?”

वकिलांनी नातवाकडे बघितलं. नातवानं माझ्याकडे. मी खिडकीतून पुलाकडे.

दोन महिन्यांनी पेडण्याचा उतारा आला. पोर्तुगीज लिपिकानं बाकदार अक्षरात लिहिलेला. त्या भाषेत ‘श’साठी एक्स लिहितात, त्यामुळे काकीचं माहेरचं नाव एक्सनं सुरू होत होतं. नातवानं ते वाचायचा प्रयत्न केला, त्यातून औषधाचं नाव निघालं. मलाही जमेना. पस्तीस वर्षं वाईटातल्या वाईट अक्षरातले पत्ते लावले, पण हे नाही. वकिलांनी गोव्यातल्या कुणाला तरी फोन लावून अक्षर अक्षर सांगितलं, ऐकलं, आणि मग चष्मा वर करून ते नाव मोठ्यानं वाचलं. ‘श’नं. कोर्टात पुकारा करतात तसं.

काकी टेबलावरच्या पिशवीतून शेवग्याच्या शेंगा बाहेर डोकावत होत्या त्या आत ढकलत होती. तिनं हात थांबवला आणि म्हणाली, “ओ.”

त्या नावानं तिला हाक मारणारी माणसं सगळी गेलीत. बांद्याची आजी, आई, भावंडं. मी तिचा पुतण्या, ती घरात आल्यापासून तिला ‘काकी’ म्हणतोय. ते नाव मीही पहिल्यांदाच ऐकत होतो.

वकिलांनी प्रतिज्ञापत्र तिच्यापुढं सरकवलं. खाली रेघ, रेघेवर पेन्सिलीनं फुली. काकीनं पेन हातात घेतलं, टोपण काढलं, आणि विचारलं, “खंयच्या नावान करू सही?”

वकील कपाटात पंच शोधायला उठले. नातू म्हणाला, “आजी, थांब जरा.” आणि खाली बाजार उठायला लागला होता.