दोन आले!

जिन्यात काका भेटले आणि डोळे मोठे करून ‘दोन आले!’ म्हणाले, तर त्यांच्याकडे पाहुणे उतरलेत असं समजू नये. आलेले असतात पार्सलीचे कोंब. पार्सली उगवायला तीन-चार आठवडे घेते आणि तेवढे दिवस काका लग्न नाही, मुंज नाही, गाव नाही, कुठंही जात नाहीत. बाळंतिणीचं घर टाकून जायचं कसं?

असा एखादा बीवेडा हल्ली प्रत्येक सोसायटीत निघतो. आमचा कोथरूडात, तिसऱ्या मजल्यावर, बँकेतून निवृत्त होऊन राहतो. जास्वंद आणि गुलाब यांना काकांच्या लेखी किंमत नाही. “फांदी काय, कुणीही खोचेल!” त्यांना सगळं बियांपासूनच हवं, आणि त्या बियाही मुकाट्यानं उगवणाऱ्या नकोत.

गोकर्णाचं बी कडक सालीचं. काका चष्मा कपाळावर चढवतात, एकेक बी चिमटीत धरून पॉलिश पेपरवर दोनदा घासतात, उजेडाकडे धरून बघतात, पुन्हा एकदा घासतात आणि मगच रात्रभर भिजत घालतात. धने लाटण्याखाली हलकेच रगडून त्यांच्या दोन फाका करतात, कारण एका धन्याच्या पोटात दोन बिया. लॅव्हेंडरला उगवण्याआधी थंडी लागते. ती कोथरूडात कुठून आणायची? म्हणून ओल्या टिश्यूत गुंडाळलेलं बी चार-सहा आठवडे फ्रिजमध्ये, इडलीच्या पिठाला खेटून. बेगोनियाचं बी म्हणजे निव्वळ धूळ. ते मातीवर नुसतं भुरभुरायचं, वरून झाकायचं नाही, कारण त्याला उजेड हवा. त्या दिवशी घरातले पंखे बंद, आणि सर्दी झालेल्या माणसाला दारातूनच निरोप.

काकूंनी हे सगळं पोटात घातलंय. श्रीखंडाचा डबा त्यांनी पुरता चाटूनपुसून होण्याआधीच काका तळाला भोकं पाडायला सुई तापवत असतात. एकदा निळ्या फुलांच्या निगेलाचं बी काकूंना कलौंजी वाटलं आणि लोणच्यात गेलं. दोघींचं कूळ एकच, त्यामुळे लोणचं काही बिघडलं नाही. काका मात्र बराच वेळ बरणीपाशी चमचा घेऊन बसले होते. कोवळ्या रोपांना बुरशी लागून त्यांनी मातीलगत माना टाकल्या, की काका त्यांच्यावर दालचिनीची पूड भुरभुरतात. “मसालेभाताला मागितली तर म्हणतात, महाग आहे,” काकू सांगतात.

काकांकडून आलेलं आहेराचं पाकीटही जपूनच उघडावं. आमच्याकडच्या बारशाला त्यांनी दिलेलं पाकीट चांगलं फुगीर होतं. उघडलं, तर आत एक रुपयाचं नाणं, अश्वगंधेचं बी आणि बारीक अक्षरात सूचना: ‘पाणी साचू देऊ नये.’ ही सूचना अश्वगंधेसाठी होती की बाळासाठी, यावर घरात दोन मतं पडली.

आता एवढं सगळं म्हटल्यावर काकांची गॅलरी फुलांनी लगडलेली असेल असं कुणालाही वाटेल. तिथं एकही फूल नाही. आहेत ते मातीनं भरलेले डबे आणि त्यांत खोचलेल्या आइस्क्रीमच्या काड्या, त्यांवर नाव आणि पेरल्याची तारीख. रोपाला चार पानं फुटली की काकांचा त्यातला रस संपतो आणि रोप दुसऱ्याच्या घरी जातं. फुलं सगळी आमच्याकडे. वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी काकांनीच दिलेल्या गोकर्णाचा निळा चहा करून त्यांच्यापुढे ठेवला, त्यात लिंबू पिळून तो जांभळा करून दाखवला. पोरं ओरडली. काकांनी कपाकडे पाहिलंसुद्धा नाही. “सगळी फुलं खुडताय की काय? दोन-चार शेंगा धरू द्या हो.”

यंदा त्यांनी कारवी पेरली आहे. कुणा नातेवाइकानं सह्याद्रीतल्या गावाहून बी आणून दिलं. मी डबा बघायला गेलो, तेव्हा काकूंनी सहज विचारलं, “हिला फुलं कधी यायची?”

“सात-आठ वर्षांनी. एकदाच येतात, मग झाड वाळून जातं.”

“म्हणजे तुम्ही तेव्हा ऐंशीच्या पुढं,” काकूंनी हिशेब केला. “फुलं बघणार कोण?”

“फुलांचं काय घेऊन बसलीस? बी धरतं त्यानंतर. वाळलेल्या शेंगा पावसात भिजल्या की तडकतात, बी चहूकडे उडतं. त्याआधी गोळा करायला माणूस पाहिजे.” आणि माझ्याकडे वळून म्हणाले, “तू तेव्हा भाड्याच्या जागेत आहेस की स्वतःच्या? हलणार असशील तर आत्ताच सांग.”