संत निवडणे आहे

बारावीचा निकाल लागला की नागपूरच्या हुडकेश्वरातली मंगळवारचा उपवास धरणारी घरंही कॅथलिक संतांची पारख करू लागतात. सेमिनरी हिल्सचं १९५६चं सेंट फ्रान्सिस डी सेल्स कॉलेज, की वर्धा रोडवरचं सेंट व्हिन्सेंट पलोटी? फ्रान्सिस हे पत्रकारांचे आश्रयदाते संत. तिथेच ते बापाच्या मनातून उतरतात. पलोटींकडे इंजिनिअरिंग असल्यानं त्यांचं संतपण चटकन पटतं. "फादर लोकांची शिस्त असते ना भाऊ!" एवढं धर्मज्ञान पुरतं. यादीत १८८३चं हिस्लॉपही कोंबलेलं असतं. ते स्कॉटिश प्रेस्बिटेरियन मिशनचं, कॅथलिक नव्हेच. पण युरोपनं रक्त सांडून घातलेला तो वाद इथे एका चहात मिटतो. काकूंना एकच पडलेली: "यातल्या कोणाची बस म्हाळगी नगर चौकात येते जी?"