वरून सगळं दिसतं

खालच्या आळीतली हळद होऊन आठवडा झाला, पण आमच्या मोरवा गावात अजून मटणाबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. बोलणं सगळं त्या व्हिडिओचं. व्हिडिओवाल्यानं ड्रोन मांडवावरून फिरवला, बेंजोवाल्यांच्या डोक्यावरून नेला आणि हौसेच्या भरात जरा जास्तच उंच चढवला. झालं! नवरीच्या हळदीत आख्ख्या आळीच्या गच्च्या आल्या. कुणी पत्र्याची शेड चढवलीय, कुणी टाकीआड हळूच खोली काढलीय, कुणाच्या पापडांवर कावळे बसलेत, सगळं गाण्यासकट व्हॉट्सॲपवर.

"आमची मागची पडवी पन आलीय गो," शेजारच्या काकी कुंपणाला टेकून म्हणाल्या. "जरा तुझ्या बाजूला सरकल्यासारखी दिसते. पन तो ड्रोनचा दोष हाय."

पडवी काकींच्या सासऱ्यांच्या वेळेस सरकली आणि ड्रोन आत्ता आला, हे मी बोलले नाही. कुंपण टिकवायचं तर काही गोष्टी गिळाव्या लागतात. मी आपलं स्वामित्व योजनेचं सांगितलं. शेताला सातबारा असतो, पण गावठाणातल्या घराला तो नसतो. घर पणजोबांचं असलं तरी कागदावर बऱ्याच गावी त्याचा पत्ताच नाही. म्हणून पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात भूमी अभिलेख खात्यानं आणि सर्व्हे ऑफ इंडियानं आधी ड्रोन उडवून गावठाण मोजून पाहिलं. मग 24 एप्रिल 2020 ला ही योजना देशभर आली. ड्रोन वरून फोटो काढतो, त्यांचा नकाशा होतो आणि त्यावरून घरमालकाला मिळकत पत्रिका मिळते.

"म्हंजे ड्रोनच ठरवतो, कुनाचं कुठवर?"

"नाही हो. ड्रोन उडायच्या आधी गावातली माणसं आपापल्या हद्दीवर चुना मारतात. वरून ड्रोनला ती पांढरी रेघ दिसते, तिचाच नकाशा होतो. भांडण असेल तर ते खालीच मिटवायचं."

काकींचा चेहरा उजळला. "मंग चुना मीच मारीन. तू कशाला उन्हात येतेस?"

त्यांचा आनंद फार वेळ टिकू दिला नाही. ही योजना ग्रामपंचायतीच्या गावांसाठी आहे आणि आपण 2002 पासून मीरा-भाईंदर महापालिकेत आहोत, म्हटलं. काकी हिरमुसल्या. गाव म्हणून कर भरायचा शहराचा आणि शहर म्हणून राहायचं गावठाणात, हे त्यांचं नेहमीचं वाक्य यायच्या आत समोरून दादूस आला.

दादूस म्हणजे काकींचा पुतण्या. एका ठेकेदाराकडे विजेच्या कामावर आहे, त्यामुळे आकाशातल्या कुठल्याही गोष्टीवर त्याचं मत असतं. "मोजणीचं नाव काढू नका," तो म्हणाला. त्याचं बरोबर होतं. मेट्रो 9 चं कारशेड राई-मुर्धा-मोरव्यात येणार म्हटल्यावर या तिन्ही गावांनी काय उभा दावा मांडला होता, ते कुणी विसरलेलं नाही. टेप घेतलेला माणूस दिसला तरी चहाची टपरी गप्प व्हायची. शेवटी कारशेड वर डोंगरीला गेलं आणि तिथं 2025 मध्ये बारा हजारांवर झाडं तोडायची नोटीस निघाली. आमच्याकडचं टळलं ते डोंगरीकरांच्या पुढ्यात पडलं. यावर मोरव्यात फारसं कुणी बोलत नाही, आणि मला ते लागतं.

इतक्यात उत्तनची मावशी पाटी घेऊन आली. बोंबील ताजे होते, पण भाव ऐकून काकींनी ड्रोनचाच विषय पुढे रेटला. मावशीनं पाटी टेकवली आणि म्हणाली, "आमच्याकडं सरकारचा हाय ना ड्रोन. बंदरावर."

खरंच आहे. मत्स्यव्यवसाय खात्यानं 9 जानेवारी 2025 ला समुद्रावर ड्रोनची गस्त सुरू केली. किनाऱ्यावर नऊ ठिकाणं निवडली: पालघरचं शिरगाव, आमचं उत्तन, गोराई, ससून डॉक, खाली रेवदंडा, श्रीवर्धन, मिरकरवाडा, साखरी नाटे आणि देवगड. ठाणे जिल्ह्यातून मान मिळाला तो उत्तनला. सव्वासातशे किलोमीटरचा किनारा आणि गस्तीच्या बोटी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. बोट निघेपर्यंत चोर परत घरी जाऊन जेवतो. ड्रोननं बोट टिपली, तिचा नंबर टिपला, की तेवढा पुरावा कारवाईला धरता येतो.

"एलईडीवाल्यांना धरा म्हनावं," मावशी पेटलीच. रात्री पाण्यावर भगभगीत दिवे सोडायचे, मासळी उजेडाला गोळा झाली की पर्ससीन जाळ्यानं सगळी घेरायची, पिल्लंसुद्धा सोडायची नाहीत. केंद्रानं 2017 मध्येच त्यावर बंदी घातली. राज्यानंही मासेमारीचा 1981 चा कायदा 2021 मध्ये बदलून दंड लाखांत नेला. तरी दिवे पेटतात. "आमच्या डोलीच्या जाळ्याला बोंबील कुठून लागायचे? खालचा सगळा खरवडून नेतात!"

मग जरा थांबून तिनं हळूच विचारलं, "का गो, वरून जाळ्याचा आस दिसतो काय?"

आस म्हणजे जाळ्याचं भोक. बारीक आसाचं जाळं चालत नाही.

"आस नाही दिसत," दादूस म्हणाला.

"बरा झाला," मावशी म्हणाली आणि लगेच सावरली, "आमच्यात कोन बारीक वापरत नाय, मी आपला सहज विचारला."

मला हसू आवरेना. सकाळपासून हेच चाललंय. ड्रोन दुसऱ्याच्या बोटीवर जाऊ दे, दुसऱ्याच्या गच्चीवर जाऊ दे, तो गुणाचा. आपल्या पडवीवर आला की त्याच्यात दोष निघतो. माझंही काही वेगळं नाही. हळदीच्या व्हिडिओत आमच्या गच्चीवरची भंगार कॉट नेमकी आली नाही, म्हणून तर मी तो इतक्या चवीनं पाहिला.

काकींना मात्र वेगळीच शंका. "हळदीचा ड्रोन मांडवापुरता. तो समुद्रावर इतक्या लांब जातो नि परत येतो कसा? पोरगा तर खाली उभा असतो हातात डबी घेऊन."

इथं दादूस खुर्चीच ओढून बसला. चार पंख्यांचा साधा ड्रोन अर्धा-पाऊण तास उडतो, बॅटरी संपते. लांब जायचं तर त्याला विमानासारखे पंख लागतात. उठताना पंख्यांवर सरळ वर उठायचं आणि मग पंखांवर तरंगत जायचं, म्हणजे बॅटरी पुरते. आपल्या पवईच्या आयआयटीतल्या पोरांनी 2007 मध्ये काढलेली आयडियाफोर्ज नावाची कंपनी, नवी मुंबईत महापेला आहे, ती असले ड्रोन बनवते. तिचा 'स्विच' दोन तासांच्या वर हवेत राहतो. जानेवारी 2021 मध्ये लष्करानं त्यांची मोठी ऑर्डर दिली होती. 'थ्री इडियट्स'मध्ये उडतो तो ड्रोनही ह्यांचाच.

"तो? ज्याच्यात तो पोरगा..." काकी म्हणाल्या आणि डोळ्याला पदर लावला. तो सीन त्यांना अजून सोसत नाही.

दादूस थांबला नाही. वाट आधीच नकाशावर आखून द्यायची, हा खांब, तो खांब, मग वळ. ड्रोन आपला जातो. खालचा संपर्क तुटला तरी गोंधळत नाही, निघाला तिथं परत येतो. मात्र उडवणाऱ्याच्या नजरेआड न्यायचा तर परवानगी निराळी लागते. 2021 च्या ड्रोन नियमांनी बरंच मोकळं केलं, नकाशावरच्या हिरव्या पट्ट्यात 400 फुटांपर्यंत विचारायला नको; पण नजरेपलीकडचं उड्डाण अजून कुणालाही उठून करता येत नाही. पोलिसांचा मनाई हुकूम निघाला तर हळदीचाही खाली.

आणि उपयोग? पालघरमध्ये डिसेंबर 2021 ला जव्हारहून झाप गावाला लसीचे 300 डोस ड्रोननं पाठवले. रस्त्यानं चाळीसेक मिनिटं लागतात, ड्रोन नऊ-एक मिनिटांत पोचला. दादूसच्या स्वतःच्या धंद्यातही तो आलाय. महापारेषण आपल्या अतिउच्चदाबाच्या लाइनी ड्रोननं बघते. पूर्वी माणसं रानातून, खाडीतून टॉवर टॉवर चालत जायची, मान वर करून बघायची, शंका आली तर वर चढायची. आता उष्णता टिपणारा कॅमेरा लावला की ढिला सांधा पडद्यावर पांढरा फटक दिसतो. तडकलेली इन्सुलेटरची डिस्कही खाली बसून सापडते.

"आमच्या मिठागरातल्या टॉवरपाशी मी भर पावसात गेलोय," दादूस म्हणाला. "कमरेएवढा चिखल. तिवरांच्या मुळ्यांनी पाय सोलून निघाले. माझी काय तक्रार नाय ड्रोनबद्दल."

त्याच्या पोटऱ्यांवरचे व्रण त्यानं दाखवले. काकींनी ते आधी शंभरदा पाहिले असणार, तरी वाकून पाहिले.

"मंग शेतावर पन आन की एक," त्या म्हणाल्या. "ड्रोन दीदी म्हनतात ती कोन?"

ती बचत गटाची बाई. देशभरातल्या 15,000 गटांना फवारणीचे ड्रोन द्यायची ती योजना, किमतीचे 80 टक्के सरकार देतं, जास्तीत जास्त 8 लाख. दहा लिटरची टाकी, एकर काही मिनिटांत उरकतो. विदर्भ-मराठवाड्यातल्या कापूस-सोयाबीनला हे ठीक. आमच्याकडे राहिलेत खाडीकाठचे भाताचे तुकडे, तेही बिल्डरच्या पाटीच्या सावलीत. एवढ्याशा खाचरावर तो ड्रोन वळायलाही जागा नाही.

"फवारायला नको गो. बांध बघायला." काकी गंभीर झाल्या. खाजणातल्या शेताचा जीव बांधात. उधाणाला बांधाला खांड पडली की खारं पाणी आत येतं आणि पुढची दोन-तीन वर्षं भात विसरायचा.

"खांड पडलेली ड्रोनला लगेच दिसंल," दादूस म्हणाला. "पाणी चकाकतं."

"पडलेली मला पन दिसते! पडायच्या आधीचा विचारते मी. चिंबोरी खालनं बीळ करते, बांध आतनं पोकळ होतो. ते बीळ दिसतं काय त्याला?"

दादूस डोकं खाजवायला लागला. "बीळ... नाय दिसत."

"मंग अमावस्येच्या आधी फावडा घेऊन बांधावर जाईल कोन?"

दादूसला एकदम ठेकेदाराचा फोन आला. वाजलेला मात्र कुणी ऐकला नाही. तो उठून बोलत बोलत गल्लीच्या टोकापर्यंत गेला, आणि काकी मावशीकडं वळल्या. "दे बोंबील. त्याच्यासाठी नको, आमच्यापुरतेच दे."